अनसिंगमधला मोबाईल मुंबईच्या सर्व्हरशी बोलतो कसा?

दहावी-बारावीच्या निकालाचा दिवस. दुपारी १ वाजला की अख्खा महाराष्ट्र एकच साइट उघडतो. तुम्ही अनसिंगमध्ये बसून सीट नंबर टाकता आणि स्क्रीनवर नुसतं चाक फिरत राहतं. अशा वेळी दोष नेटचा, मोबाईलचा की साइटचा? हे ओळखायचं तर आतमध्ये काय घडतं ते माहीत हवं. समजा, निकालाचा सर्व्हर मुंबईत आहे.

१) आधी पत्ता शोधला जातो
मशीनला नाव कळत नाही, आकडे कळतात. प्रत्येक सर्व्हरला एक नंबर असतो, तो आयपी ॲड्रेस. साइटचं नाव देऊन तिचा नंबर सांगणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. ही १९८३ मध्ये तयार झाली. मोबाईलच्या कॉन्टॅक्ट लिस्टसारखंच आहे हे: आपण नाव दाबतो, फोन नंबर लावतो.

२) मग ओळख होते
मोबाईल विचारतो, "आहेस का?" सर्व्हर म्हणतो, "आहे, तुला ऐकू येतंय का?" मोबाईल म्हणतो, "येतंय." या तीन निरोपांनंतरच खरं बोलणं सुरू होतं. हा नियम टीसीपीचा.

३) माहितीचे तुकडे होतात
निकालाचं पान एकसंध येत नाही. त्याचे साधारण १,५०० बाइटपर्यंतचे तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. लग्नाचं वऱ्हाड कसं चार गाड्यांत निघतं? एक मेहकरवरून, दुसरी हिंगोलीवरून, पण पोचतात एकाच मांडवात. पॅकेटचंही तसंच. प्रत्येकावर पत्ता आणि क्रम लिहिलेला असतो. वाटेतले राउटर पत्ता पाहून पुढचा रस्ता दाखवतात. एखादं हरवलं तर तेवढंच परत मागवलं जातं आणि शेवटी सगळी क्रमाने जुळवली जातात.

४) प्रवास कसा होतो?
मोबाईल ते टॉवर रेडिओ लहरींवर. पुढे बहुतेक वाट फायबरमधून, म्हणजे काचेच्या तारेतून, प्रकाशाच्या रूपात. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. अनसिंग ते मुंबई ६०० किलोमीटरची तार धरली, तरी एका बाजूला लागतात फक्त ३ मिलिसेकंद! म्हणजे उशीर अंतरामुळे होत नाही. तो होतो टॉवरवरच्या गर्दीमुळे, कमी रेंजमुळे, नाहीतर सर्व्हरवरच्या रांगेमुळे.

मग अडलं कुठे?
- कुठलीच साइट उघडत नाही: तुमचं नेट किंवा टॉवर. एअरप्लेन मोड चालू-बंद करून बघा.
- बाकी सगळं चालतं, फक्त ही साइट "सापडली नाही" म्हणते: नावाचं स्पेलिंग तपासा, डीएनएसला पत्ता मिळालेला नाही.
- "५०३" किंवा "सर्व्हिस अनअव्हेलेबल": तुमचं नेट ठीक आहे. निरोप पोचला, पण सर्व्हर झेपेनासा झालाय. सारखं रिफ्रेश केलं तर गर्दी वाढते. दहा मिनिटं थांबा किंवा डिजिलॉकरवर पाहा.

कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी?
नाही. एचटीटीपीएसच्या कुलपाचा अर्थ एवढाच की, वाटेत कोणी तुमचं बोलणं वाचू शकत नाही. समोरचा प्रामाणिक आहे याची ती हमी नाही. खोट्या साइटलाही कुलूप मिळतं. म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली निकालाची किंवा शिष्यवृत्तीची लिंक उघडण्याआधी "https://" सोडून पुढे येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या अगदी आधीचा भाग वाचा. तिथे "डॉट गव्ह डॉट इन" किंवा "डॉट एनआयसी डॉट इन" असेल तर नाव सरकारी आहे. हे शब्द मध्ये कुठेतरी असतील आणि शेवटी "डॉट कॉम" असेल, तर तिथे आधार नंबर आणि ओटीपी टाकूच नका.