सजीव संस्थेची कुळकथा

कंपनीला सजीव म्हणण्याची रीत आज व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवली जाते. तिच्या कुळाची एक मोठी शाखा मात्र इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणीत सापडते.

लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफोर्थ यांनी 1951 साली खाणकामावर एक निबंध प्रसिद्ध केला. बॅमफोर्थ आधी स्वतःच खाणकामगार होते. जुन्या पद्धतीत छोटी टोळी खणण्यापासून भरण्यापर्यंतचं काम मिळून उरकायची. छत कुरकुरलं तर काय करायचं, हे जागच्या जागी ठरवायची. यंत्रं आली आणि कामाचे तुकडे पडले. एका पाळीनं कोळसा कापायचा, दुसरीनं कोळसा वाहणारा पट्टा सरकवायचा, तिसरीनं भरायचा. एकीची चूक दुसरीच्या गळ्यात पडू लागली. अंधारात, बदलत्या दगडाखाली, काम निभावून नेत होती ती टोळीची आपसांतली समज, आणि तीच मोडली होती.

याच सुमारास, 1950 मध्ये, जीवशास्त्रज्ञ लुडविग फॉन बर्टालनफी यांचा खुल्या प्रणालींवरचा लेख आला. सजीव बाहेरून घेतो, बाहेर टाकतो आणि या देवघेवीतूनच आपली घडी टिकवतो, असं त्यांचं म्हणणं. टॅव्हिस्टॉकच्या मंडळींना खाणीत दिसलेल्या गोष्टीसाठी भाषा मिळाली.

पुढचा प्रयोग आपल्या अंगणातला. अहमदाबाद तेव्हा मुंबई राज्यात होतं. तिथल्या कॅलिको मिलच्या साळखात्यात स्वयंचलित माग आले, तरी उत्पादन मनासारखं निघेना. 1953 मध्ये टॅव्हिस्टॉकच्याच ए. के. राइस यांनी पाहिलं, तर 224 मागांवर 29 माणसं आणि कामं 12 प्रकारची. तुटलेला धागा जोडणारा वेगळा, तेल देणारा वेगळा. ठरावीक मागांची जबाबदारी एका गटाकडे द्यावी, एवढंच त्यांनी सुचवलं. गट कसे पाडायचे, हे कामगार आणि मुकादमांनी स्वतःच ठरवलं. मला या कथेतला हा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. संस्था म्हणजे खुली प्रणाली, ही मांडणी राइस यांनी 1963 च्या पुस्तकात विस्तारानं केली, ती हा अनुभव गाठीशी बांधूनच.

ज्या कंपनीत शेजाऱ्याच्या मदतीला जायलाही वरून परवानगी लागते, तिनं स्वतःला सजीव म्हणवू नये.