धूळपाटी, कागद आणि कॅल्क्युलेटर

आमच्या भागात शिक्षकांची बैठक बसली आणि कॅल्क्युलेटरचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "यंत्र हातात दिलं की पोरांचं डोकं गंजतं." उर्दू शाळांच्या बैठकीत हेच वाक्य "दिमाग को जंग लग जाता है" असं येतं. दोन भाषांतल्या लोकांचं इतकं एकमत क्वचितच होतं.

मी मुळात भाषेचा शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो. पण उर्दू माध्यमाच्या लहान शाळेत गणिताची जागा रिकामी राहिली की तो तास कुणाच्या तरी गळ्यात पडतो, आणि बऱ्याचदा तो माझ्या गळ्यात पडला. त्यामुळे या विषयाकडे मी गणितज्ञ म्हणून पाहत नाही. शब्द कुठून आले, साधनं कुठून आली आणि ती कुणाच्या हातात गेली, एवढंच मला पाहता येतं.

डोकं गंजण्याची ही तक्रार नवी नाही. किमान हजार वर्षं जुनी आहे.

आपल्याकडे अंकगणिताला पाटीगणित म्हणत. पाटीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने अंक काढायचे, हिशेब पुढे सरकेल तसे जुने अंक पुसून नवे लिहायचे. धुळाक्षरं गिरवणं हा शब्दप्रयोग मराठीत अजून टिकून आहे. ही पद्धत अरबांकडे गेली तेव्हा तिला 'हिसाबुल हिंद', म्हणजे हिंदी हिशेब, असं नाव मिळालं. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मीने या अंकांवर पुस्तक लिहिलं. त्याचा अरबी मूळ मजकूर हरवला, लॅटिन अवतार उरला. त्या लॅटिनमध्ये त्याच्या नावाचं 'अल्गोरित्मी' झालं आणि तिथून आजचा 'अल्गोरिदम' आला. कोडिंगच्या पहिल्या तासाला मुलं हा शब्द इंग्रजी म्हणून पाठ करतात, तेव्हा मी त्यांना थांबवतो आणि माणसाचं नाव सांगतो.

मला मात्र जास्त आवडतो तो दमास्कसचा अबुल हसन अल-उक्लीदिसी. इ.स. ९५२ च्या सुमारास त्याने हिंदी हिशेबावर ग्रंथ लिहिला आणि त्यात धूळपाटी सोडून शाई-कागद वापरा असा आग्रह धरला. एक कारण मजेशीर आहे. रस्त्यावर बसणारे ज्योतिषी धूळपाटी वापरत, म्हणून भल्या माणसाला ती हातात धरायची लाज वाटायची. दुसरं कारण महत्त्वाचं. पाटीवर पुसावं लागतं, म्हणून मधल्या पायऱ्या नाहीशा होतात. कागदावर त्या राहतात आणि चूक कुठे झाली ते मागे जाऊन पाहता येतं. त्याने हिशेबाच्या रीतीच अशा बदलल्या की पुसण्याची गरज पडू नये. युरोपातही नव्या साधनाला असाच विरोध झाला. फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने १२९९ मध्ये हे अंक वहीत लिहायला बंदी घातली होती.

अल-उक्लीदिसीचं ते दुसरं कारण मी कधीच विसरत नाही, कारण आजचा कॅल्क्युलेटर म्हणजे धूळपाटीच आहे. उत्तर देतो, वाट पुसून टाकतो. आणि कोड म्हणजे कागद. त्यात पायऱ्या लिहिल्याशिवाय काहीच घडत नाही. एका साधनाचा दोष दुसऱ्याने भरून निघतो, आणि आपण मात्र दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून 'यंत्र' म्हणून कोपऱ्यात ठेवतो.

साधनं जशी इकडून तिकडे गेली, तसे शब्दही. भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० ची. अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ मध्ये ती फारसीत आणली. मुहूर्ताचं घटिकापात्र, त्यात पडलेला मोती आणि लग्न राहून गेलेली मुलगी ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. ती मूळ संस्कृत ग्रंथात नाही, फैजीच्या फारसी प्रस्तावनेतून पसरली. आणि मराठी मुलाला पहिलीपासून येणारी 'बेरीज' फारसीतून आली आहे, 'वजाबाकी'तले वजा आणि बाकी दोन्ही अरबी. गुणाकार, भागाकार संस्कृत. म्हणजे मराठीच्या चार क्रियांपैकी निम्म्या तिकडच्या. उर्दू शाळेतला मुलगा जमा, तफरीक, जर्ब, तकसीम म्हणतो आणि मराठीच्या तासाला 'बेरीज' ऐकून तो परका शब्द समजतो. हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आमच्या आजोबांच्या पिढीचा कॅल्क्युलेटर म्हणजे पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. उत्तरेकडे साडेतीनच्या पाढ्याला हूंठा म्हणत, आणि औट व हूंठा एकाच प्राकृत शब्दाची लेकरं आहेत. हे पाढे हौसेने पाठ होत नव्हते. सोळा आण्यांचा रुपया, पावशेर, अदपाव, यांचा हिशेब त्याशिवाय व्हायचा नाही. मराठवाड्यात तर आणखी एक भानगड होती. निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार, दोन्ही बाजारात. सात हाली म्हणजे सहा कलदार. हाली नाणं १९५९ पर्यंत चाललं. १९५७ मध्ये नवे पैसे आले, मागोमाग किलो आणि लिटर, आणि औटकी गेली. तेव्हा डोकं गंजल्याची तक्रार कुणी फार दिवस केली नाही. मापंच बदलली होती.

आता आपल्याच इतिहासातला एक भाग, जो या बाजूचे अर्धवट सांगतात आणि त्या बाजूचेही. नांदेड आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेलं लातूर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं. १९१७ मध्ये हैदराबादेत दारुत्तर्जुमा, म्हणजे भाषांतर विभाग, सुरू झाला. उस्मानिया विद्यापीठात कलनापासून पदार्थविज्ञानापर्यंत सगळं उर्दूत शिकवायचं होतं, त्यासाठी पुस्तकं आणि परिभाषा तयार करायची होती. वहीदुद्दीन सलीम यांनी पारिभाषिक शब्द कसे घडवावेत यावर 'वज़ए-इस्तिलाहात' हा आख्खा ग्रंथ लिहिला. याच विद्यापीठात शिकलेले रजीउद्दीन सिद्दीकी पुढे केंब्रिजला आणि लाइपझिगला हायझेनबर्ग यांच्याकडे गेले आणि परत येऊन उस्मानियात गणित शिकवू लागले. उर्दूत विज्ञान होऊ शकत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

पण त्याच वेळी मराठवाड्यातला मराठी बोलणारा मुलगा माध्यमिक शाळेत त्रिकोणाला 'मुसल्लस' आणि कोनाला 'ज़ाविया' म्हणत गणित शिकत होता, कारण सरकारची भाषा उर्दू होती. घरात एक भाषा, फळ्यावर दुसरी. त्याचा जो कोंडमारा झाला तो खरा होता. आज उर्दू माध्यमातून दहावी होऊन नांदेड किंवा लातूरच्या अकरावी विज्ञानात बसणाऱ्या मुलीचा कोंडमारा त्याच जातीचा आहे. तिला मुसल्लस येतो, मुतग़य्यर म्हणजे काय तेही येतं, पण फळ्यावर व्हेरिएबल लिहिलेलं असतं. पहिले सहा महिने ती गणित शिकत नाही, नावं शिकते. माझ्या मते उर्दू शाळांतल्या मुली विज्ञान सोडतात याचं मोठं कारण हे आहे, आणि त्यावर उपाय करायला पैसे लागत नाहीत. नववीपासून प्रत्येक संज्ञा उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही रूपांत वहीत लिहायची. एवढंच.

लातूर पॅटर्नचं नाव घेतल्याशिवाय या गावांतल्या गणिताबद्दल बोलता येत नाही. राजर्षी शाहू महाविद्यालयातून आणि डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या प्राचार्यांच्या काळातून जी शिस्त उभी राहिली, तिने खेड्यातल्या मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकीची दारं उघडून दिली. त्याबद्दल वाकडं बोलणं मला जमणार नाही. पण बारावीच्या बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, नीटला चालत नाही, जेईईला चालत नाही. परीक्षेत जे नाही ते वर्गात येत नाही. नीटला तर लॉग टेबलही नाही, म्हणून मुलं अंदाजाने आकडे जवळ आणायला शिकतात, आणि ती उत्तम सवय आहे. फक्त आकडे सोपे असावेत म्हणून प्रश्नच सोपे बेतले जातात. खऱ्या जगातला वेडावाकडा आकडा वर्गात शिरतच नाही.

लातूरच्या वर्गात लॉगरिदम शिकवताना भूकंपाहून जवळचं उदाहरण कुठलं? ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारी. तीव्रता ६.२. भूकंपाच्या मापनात एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. २६ जानेवारी २००१ चा भुजचा भूकंप ७.७ चा. फरक दीड. दीडला पुन्हा दीडने गुणलं की सव्वादोन, आणि दहाचा सव्वादोन घात म्हणजे सुमारे १७८. भुजची ऊर्जा किल्लारीच्या १७८ पट. हे उत्तर अँटिलॉगच्या तक्त्यातूनही निघतं. पण मुलं एका उत्तरावर थांबत नाहीत. २०२४ मध्ये हिंगोलीकडे ४.५ चा धक्का बसला आणि नांदेडही हललं, त्याचं काय? किल्लारी त्याच्या सुमारे ३५५ पट. मग खरा प्रश्न येतो, आणि तो मुलांकडूनच येतो. भुजला सुमारे २०,००० माणसं गेली, किल्लारीला सुमारे १०,०००. ऊर्जा १७८ पट आणि मृत्यू दुप्पटच, असं कसं? इथे कॅल्क्युलेटर बाजूला पडतो आणि विज्ञान सुरू होतं. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून झोपलेली गावं, दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवदाचा भार. ज्यांच्या घरी त्या रात्रीची आठवण आहे, ती मुलं आजीला विचारून येतात.

संगणकाचं दैव कॅल्क्युलेटरपेक्षा बरं निघालं नाही. १९८४ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाच्या योजनेतून देशातल्या सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो यंत्रं दिली. आमच्या भागातल्या सर्वसामान्यांना संगणक भेटला तो २००१ नंतर, एमएस-सीआयटीच्या रूपाने. नोकरीला प्रमाणपत्र लागायचं म्हणून आम्ही शिक्षकांनीही ते केलं. पत्र टाइप करणं, तक्ता आखणं शिकलो. संगणक टाइपरायटर म्हणून आला, गणकाचं काम त्याने केलंच नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात आता कोडिंगचा उल्लेख आहे, पण ज्या शाळेत संगणकाच्या खोलीची किल्ली एकाच माणसाच्या खिशात असते आणि तो माणूस रजेवर असतो, तिथे धोरण दारापर्यंत येऊन थांबतं. अशा शाळा मी पाहिल्या आहेत.

म्हणून मी कोडिंग कागदावर सुरू करतो, आणि त्यासाठी देवळालीच्या एका शाळामास्तरांचा आधार घेतो. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १९३० ते १९६२ शाळेत शिकवलं, पीएच.डी. नाही, पद नाही, आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्यांच्यावर लिहिलं. त्यांचा ६१७४ हा आकडा असा निघतो : चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, मोठ्यातून लहान वजा करा. जे येईल त्याचं पुन्हा तेच करा. १९४८ घ्या. ९८४१ वजा १४८९ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. दोन पायऱ्यांत हैदराबाद संस्थान संपलं. महाराष्ट्राचं १९६० घेतलं तर सात पायऱ्या लागतात. सातापेक्षा जास्त कधीच लागत नाहीत.

वर्गात आधी हाताने, मग मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर. तिसऱ्या दिवशी मुलांनी पायऱ्या शब्दांत लिहायच्या, उर्दूत आणि मराठीत. "चार हिंदसे लो" इथून सुरुवात होते आणि कुठे थांबायचं ते लिहिताना सगळे अडतात, कारण यंत्राला 'वगैरे वगैरे' कळत नाही. मग पायथॉन. त्यात चलाचं नाव देवनागरीत किंवा उर्दूत ठेवता येतं. मोठी, लहान, फरक अशी नावं चालतात. उरलेले मोजके इंग्रजी शब्द मुलं दोन दिवसांत उचलतात. ओळ डावीकडून उजवीकडे जाते याचा उर्दूच्या मुलांना त्रास होईल असं काही सहकाऱ्यांना वाटत होतं. पण उर्दूत अक्षरं उजवीकडून आणि आकडे डावीकडून लिहिले जातात. आमची मुलं पहिलीपासून एकाच ओळीत दोनदा दिशा बदलतात. एकदा कोड चालला की १००० ते ९९९९ मधल्या ८९९१ संख्या डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तपासून होतात. पाठोपाठ तीन अंकांचं काय, हा प्रश्न येतो (४९५), मग पाच अंकांचा, आणि तिथे एकच आकडा सापडत नाही, चक्रं सापडतात.

सध्या वर्गात पाण्याच्या रेल्वेचा हिशेब चालू आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आधी दहा वाघिणींची आणि मग पन्नास वाघिणींची गाडी आली. पन्नास वाघिणी म्हणजे २५ लाख लिटर. २०११ च्या जनगणनेत लातूर शहर ३,८२,९४० माणसांचं. कॅल्क्युलेटर एका दमात सांगतो, माणशी साडेसहा लिटर. एका मुलीने त्याचा छोटा प्रोग्राम केला आणि त्यात गळतीची ओळ घातली. शंभरातले वीस लिटर वाटेत गेले तर हातात सव्वापाच लिटरही उरत नाहीत. त्यावर दुसऱ्या एकीने हरकत घेतली की लोकसंख्या जुनी आहे, गाडी २०१६ ची आणि माणसं २०११ ची. २०२१ ची जनगणना तर झालीच नाही. मग मधल्या वर्षांचा आकडा कसा काढायचा, २००१ आणि २०११ च्या आकड्यांवरून रेष पुढे ओढायची की वाढीचा दर धरायचा, यावर दोन गट पडले आहेत, आणि दोन्ही गटांचे प्रोग्राम अजून पुरे व्हायचे आहेत.