पुसलेलं नोटिफिकेशन कुठे जातं?

15 जुलै 2013 रोजी भारतातली तारसेवा बंद झाली. त्यानंतर बरोबर नऊ दिवसांनी, 24 जुलैला, गूगलने अँड्रॉइड 4.3 आणलं आणि त्यात नोटिफिकेशनची नोंद ठेवणारा एक कप्पा गुपचूप टाकला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण मला ही जोडी आवडते. तार यायची ती कागदावर. बातमी बरी असो की वाईट, तो कागद ट्रंकेत जपून राहायचा, आणि तुमच्यापैकी काहींच्या घरी अजून असेल. आता घरची बातमी नोटिफिकेशनमधून येते, बहुतेकदा आपण झोपलेलो असताना, आणि सकाळी अलार्म बंद करता करता अंगठ्याच्या एका फटक्यात पुसली जाते. ती परत का मिळत नाही, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

जून 2008 मध्ये ॲपलच्या स्कॉट फोरस्टॉल यांनी आयफोनसाठी ‘पुश नोटिफिकेशन’ जाहीर केलं. अडचण बॅटरीची होती. प्रत्येक ॲप पडद्याआड जागं राहून ‘काही आलं का, काही आलं का’ विचारत बसलं, तर फोन दुपारपर्यंत मान टाकणार. म्हणून सगळ्यांच्या वतीने ॲपलच्या सर्व्हरशी एकच जोडणी उघडी ठेवायची, आणि निरोप आला की त्या वाटेने फोनला कळवायचं. सप्टेंबर 2008 चा वायदा होता. प्रत्यक्षात ही सोय 17 जून 2009 ला आली. आमच्या धंद्यात याला उशीर म्हणत नाहीत.

पण हा निरोप किती मोठा? कमाल 256 बाईट. आणि त्यातच आवाज, आयकॉनवरचा आकडा वगैरेच्या सूचनाही बसवायच्या. इंग्रजी अक्षराला एक बाईट लागतो. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, हलन्त ही वेगळी चिन्हं धरली जातात. ‘नमस्कार’ म्हणजे सात चिन्हं, 21 बाईट. सगळी जागा मजकुराला दिली तरी मराठीची पंच्याऐंशी चिन्हं जेमतेम मावायची. शिवाय तुमचा फोन बंद असेल, तर त्या काळी ॲपलचा सर्व्हर प्रत्येक ॲपचं शेवटचं एकच नोटिफिकेशन राखून ठेवायचा. आधीची गेली ती गेलीच.

यावरून बनवणाऱ्यांच्या मनात काय होतं ते कळतं. नोटिफिकेशन म्हणजे पोस्टमनने वाजवलेली कडी. खरं पत्र ॲपच्या आत आहे, तिथे जाऊन वाचा. कडीचा आवाज कोण जपून ठेवतो?

सुरुवातीच्या आयफोनवर तर नोटिफिकेशन पडद्याच्या मधोमध उगवायचं. बंद केलं की संपलं. वरून खाली ओढायची यादी अँड्रॉइडमध्ये 2008 च्या पहिल्या फोनपासून होती, आयफोनला ती 2011 मध्ये मिळाली. त्याच वर्षी अँड्रॉइड 4.0 मध्ये एकेक नोटिफिकेशन बोटाने बाजूला ढकलायची सोय झाली. त्याआधी ‘सगळं साफ’ एवढंच बटण होतं. ढकलणं इतकं सोपं झालं की न वाचताच हात चालू लागला.

तो 2013 चा कप्पा सेटिंग्जचा शॉर्टकट पडद्यावर आणून ठेवला तरच दिसायचा. हौशी लोकांनाच तो माहीत होता. अँड्रॉइड 4.3 मध्येच इतर ॲप्सची नोटिफिकेशन्स वाचायची रीतसर परवानगी ॲपला मागता येऊ लागली, आणि नोंदी ठेवणारी बाहेरची ॲप्स निघाली. ती घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या ॲपला आईचा मेसेज वाचता येतो, त्याला बँकेचा ओटीपीही वाचता येऊ शकतो.

त्याची गरजही आता उरलेली नाही. सप्टेंबर 2020 मध्ये अँड्रॉइड 11 ने ही वही उघडपणे दिली. सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, मग नोटिफिकेशन हिस्टरी; सॅमसंगवर मधे ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’ लागतं. गेल्या 24 तासांतली पुसलेली नोटिफिकेशन्स तिथे दिसतात. मेख एवढीच की ही वही मुळात बंद असते, आणि चालू केल्यापासूनच भरू लागते. कालचं पुसलेलं आज चालू करून मिळत नाही. एमबीएच्या वर्गात शिकलो होतो की बहुतेक माणसं डिफॉल्ट कधी बदलत नाहीत. म्हणजे वही आहे, पण ज्यांना लागते त्यांच्यातल्या बहुतेकांची कोरीच असणार. हा लेख वाचून झाल्यावर आधी ते बटण चालू करा.

ॲपलने दुसरी वाट धरली. 2018 मध्ये नोटिफिकेशन्सचे गठ्ठे बांधले, 2021 मध्ये ठरावीक वेळी एकत्र सारांश देऊ केला. पुसलेलं परत देणारी वही मात्र यात नव्हती. आयफोनवर लॉक स्क्रीनवर बोट वर सरकवलं की न पुसलेली जुनी नोटिफिकेशन्स दिसतात. पुसलेल्यांसाठी ज्या त्या ॲपचं दार ठोठवा: व्हॉट्सॲपची चॅट, फोनमधले ‘रिसेंट्स’, मेल. फोन हातात घेतल्यावर आधी वाचायचं, मग साफ करायचं, ही सवय आयफोनवाल्यांना जास्त लागते.

आता एक नाजूक गोष्ट. 2017 च्या अखेरीस व्हॉट्सॲपने ‘सर्वांसाठी डिलीट’ आणलं. आधी सात मिनिटांची मुदत होती, 2022 पासून दोन दिवसांहून थोडी जास्त आहे. मेसेज डिलीट झाला तरी तोपर्यंत त्याचं नोटिफिकेशन आलेलं असेल, तर अँड्रॉइडच्या वहीत त्याचे शब्द अनेकदा राहून जातात. मित्रांच्या ग्रुपमध्ये कोणी काय लिहून पुसलं, हे उकरण्यात मला रस नाही. माणसाला शब्द मागे घ्यायचा हक्क असावा. पण आपल्या घरची मोठी माणसं वेगळ्याच कारणाने पुसतात. ‘बाबांना जरा बरं नाही, उठलास की फोन कर’ असं लिहितात, आणि मग तिकडे पोरगा उगाच काळजी करेल म्हणून डिलीट करतात. सकाळी चॅटमध्ये उरतं ते फक्त ‘हा मेसेज डिलीट केला आहे’.

तसं दिसलं तर वही उघडायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी उघडतो. मग आईला फोन लावतो, मेसेज वाचल्याचं बोलत नाही, आणि ‘काय केलंस आज जेवायला’ विचारून झाल्यावर म्हणतो, जरा बाबांकडे दे.