भात करपणे

हा लेख शिजवलेल्या भाताविषयी आहे. भातपिकावर पडणाऱ्या बुरशीजन्य रोगासाठी करपा पहा.

भात करपणे म्हणजे तांदूळ शिजत असताना भांड्याच्या तळचे पाणी संपून तेथील थर तपकिरी किंवा काळा होणे आणि त्याचा कडवट वास वरच्या भाताला लागणे होय. पाणी आणि आच यांचा हिशेब चुकणे हे त्याचे मूळ कारण आहे. तांदूळ, भांडे किंवा इंधन बदलले की हा हिशेब नव्याने बसवावा लागतो. म्हणून रोजचा स्वयंपाक करणाऱ्या अनुभवी हातांकडूनही भात करपतो. या लेखात भात करपण्याची कारणे, उपाय व धोके यांचा सर्वसाधारण विचार केला असून उदाहरणे मुख्यतः मराठवाड्यातील जालना जिल्ह्याची घेतली आहेत. या भागात भात रोज खाल्ला जातो, मात्र तांदूळ बाहेरून येतो.

शब्द आणि अर्थ

स्वयंपाकघरात भाताच्या बिघाडाचे बारकावे सांगणारे अनेक शब्द प्रचलित आहेत.

• लागणे : भात तळाला चिकटणे. रंग फारसा बदललेला नसतो व वरचा भात चांगला असतो. यालाच ‘बुडाला लागणे’ असेही म्हणतात.
• करपणे : तळचा थर जळून वास सुटणे.
• खरवड : भांड्याच्या तळाला धरलेला व खरवडून काढावा लागणारा थर. दूध आटवताना धरणाऱ्या थरालाही हाच शब्द वापरतात.
• कणी राहणे : शिताचा गाभा कच्चा राहणे.
• गिच्च होणे : पाणी जास्त झाल्याने किंवा फार ढवळल्याने भाताचा गोळा होणे.
• उतू जाणे : पेजेचा फेस भांड्याबाहेर येणे.

‘करपणे’ हे क्रियापद स्वयंपाकापुरते मर्यादित नाही. पावसाने ओढ दिल्यावर पिके करपतात आणि अपचन झाले की करपट ढेकर येतात. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण भागात यातला पिकांचा अर्थ भाताच्या अर्थाइतकाच नेहमीच्या बोलण्यातला आहे.

जालना जिल्ह्यातील संदर्भ

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांचे भाग वेगळे काढून निर्माण झाला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा हे त्याचे आठ तालुके आहेत. जिल्ह्याची शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून आहे. कापूस, सोयाबीन, तूर, मका, ज्वारी आणि मोसंबी ही येथील परिचित पिके असून भातशेती नगण्य आहे. परंपरेने ज्वारीची भाकरी हा जेवणाचा मुख्य भाग आणि भात हा जेवणाच्या शेवटी घेण्याचा पदार्थ मानला गेला. सणवार, पंगत आणि पाहुणचार यांत मात्र वरण-भाताशिवाय पान पूर्ण होत नाही.

तांदूळ घरात दोन वाटांनी येतो. एक वाट किराणा दुकानाची. तेथे कोलम हा नेहमीचा पर्याय आहे. दुसरी वाट रास्त भाव दुकानाची. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबांना दरमहा प्रतिव्यक्ती ५ किलो व अंत्योदय कुटुंबांना प्रतिकुटुंब ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. मराठवाड्यासह राज्यातील १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना पूर्वी सवलतीच्या दराने धान्य मिळत असे. राज्य शासनाने २०२३ मध्ये त्याऐवजी प्रतिव्यक्ती दरमहा १५० रुपये रोख देण्याचा निर्णय घेतला. या कुटुंबांसाठी तांदूळ ही पूर्णपणे विकत घेण्याची वस्तू झाली. करपलेल्या भाताचे नुकसान त्यामुळे केवळ चवीचे राहत नाही.

पाणीटंचाई ही दुसरी बाजू आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना हा राज्यातील सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. करपलेले भांडे भिजत घालायला व घासायला नेहमीपेक्षा जास्त पाणी लागते. टँकरवर अवलंबून असलेल्या घरात हा खर्च लक्षात येण्याजोगा असतो.

भात का करपतो

तांदळातील पिष्टमय पदार्थ साधारण ५५ ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पाणी शोषून फुगतात. नेमके तापमान तांदळाच्या जातीवर अवलंबून असते. तळाशी मोकळे पाणी आहे तोवर तेथील तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपुढे जात नाही, कारण जास्तीची उष्णता वाफ होण्यात खर्च होते. जालना शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर असल्याने तेथे हा बिंदू ९८ अंशांच्या आसपास असतो.

पाणी शोषले गेले की हा लगाम सुटतो आणि तळाचे तापमान झपाट्याने वाढते. सुमारे १४० अंशांपुढे प्रथिनांतील अमिनो आम्ले व शर्करा यांच्यात माइयार अभिक्रिया वेगाने होऊ लागते. थर सोनेरी होतो आणि खमंग वास येतो. तापमान आणखी वाढले की पिष्टाचे विघटन होऊन कोळसा बनू लागतो. खमंग खरवड आणि करपलेला भात यांच्यामध्ये मोठ्या आचेवर फारच थोडा अवधी असतो.

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण भात शिजला की नाही हे ठरवण्यास उपयोगी आहे. मात्र परीक्षेचे शीत वरून घेतलेले असते. तळाशी काय चालले आहे ते त्यावरून कळत नाही. तळाची खबर वासावरून आणि आवाजावरून मिळते. रटरट थांबून बारीक तडतड ऐकू येऊ लागली, की पाणी संपले असे समजावे.

तांदूळ आणि पाण्याचे प्रमाण

उघड्या भांड्यात एक वाटी तांदळाला साधारण दोन ते अडीच वाट्या पाणी लागते. जुना तांदूळ जास्त पाणी घेतो व मोकळा होतो, तर नव्या तांदळाला पाणी कमी लागते आणि त्याचा भात चिकट होतो. एकाच घरात एका महिन्यात जुना कोलम आणि दुसऱ्या महिन्यात रेशनचा तांदूळ शिजत असेल, तर ठरलेले माप चुकते. भिजवलेल्या तांदळाला शिजायला वेळ कमी लागतो. मराठी पाककृतींत वाटी-चमच्याचे माप रुजवण्याचे श्रेय कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ (१९७०) या पुस्तकाला दिले जाते.

शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या पोषणमूल्यवर्धित तांदळात तांदळाच्या पिठापासून बनवलेले, लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व घातलेले दाणे साधारण शंभरास एक या प्रमाणात मिसळलेले असतात. धुताना त्यांपैकी काही दाणे पाण्यावर तरंगतात. त्यामुळे तांदूळ ‘प्लास्टिकचा’ असल्याचा गैरसमज अनेक ठिकाणी पसरला. हे दाणे वेचून टाकण्याची गरज नसते.

चूल, इंधन आणि भांडी

चुलीवर भाताची पारंपरिक पद्धत अशी : पातेल्यात किंवा भगुण्यात पाण्याचे आधण ठेवून त्यात धुतलेले तांदूळ वैरायचे, उकळी येईपर्यंत जाळ मोठा ठेवायचा आणि पाणी आटत आले की भांडे निखाऱ्यावर अथवा चुलीच्या वैलावर सरकवून भात मुरू द्यायचा. मुख्य चुलीच्या उष्णतेवर वैल तापतो. भाकरीसाठी पुढचा जाळ वाढवला की मागचा वैलही तापतो. त्यातच भाकरी करणाऱ्या व्यक्तीचे हात पिठात आणि लक्ष तव्यावर असते. भात करपण्याची ही नेहमीची वेळ होय.

इंधनाचाही वाटा असतो. कापूस आणि तुरीच्या पट्ट्यात पऱ्हाट्या व तुराट्या सरपण म्हणून वापरतात. त्या भडकन पेटतात व लवकर विझतात, त्यामुळे आच एकसारखी राहत नाही. गोवऱ्यांची आच मंद व टिकाऊ असल्याने भात मुरण्यास ती अधिक सोयीची असते. गॅसच्या शेगडीवर आच हवी तशी कमी करता येते. परंतु मोठी ज्योत पातळ बुडाच्या भांड्याच्या मध्यभागी एकवटली, तर तेवढीच जागा करपते. जाड बुडाचे भांडे किंवा भांड्याखाली ठेवलेला तवा ही उष्णता सर्वत्र पसरवतो. बिर्याणीला दम देताना डेगेखाली तवा ठेवण्यामागे हेच तत्त्व आहे.

मराठी घरांत प्रेशर कुकरमध्ये वरण आणि भात वेगवेगळ्या डब्यांत लावण्याची रीत आहे. तांदळाचा डबा खालच्या पाण्यामुळे थेट आचेपासून दूर राहतो. म्हणून अशा कुकरमधला भात सहसा करपत नाही. तळाचे पाणी संपल्यास आधी कुकरचे बूड काळे पडते. कुकरमध्ये थेट शिजवलेल्या खिचडीला हे संरक्षण नसते. डाळ तळाशी बसून घट्ट थर होतो आणि आतले पाहता येत नसल्याने वास येईपर्यंत काही कळत नाही.

विजेवरच्या भातकुकराने हा प्रश्न यंत्राने सोडवला. तोशिबा कंपनीने जपानमध्ये डिसेंबर १९५५ मध्ये विक्रीस आणलेल्या कुकरमध्ये दोन भांडी होती. बाहेरच्या भांड्यातील पाणी संपून तापमान १०० अंशांपुढे गेले, की द्विधातूची पट्टी वाकून वीज बंद होत असे. तापमान वाढणे हीच पाणी संपल्याची खूण आहे, या तत्त्वावर हे यंत्र चालते.

पंगत आणि शालेय पोषण आहार

मोठ्या भांड्यात वरचा भात शिजेपर्यंत तळचा करपण्याचा धोका वाढतो. म्हणून पंगतीच्या स्वयंपाकात भरपूर पाण्यात तांदूळ शिजवून जास्तीचे पाणी काढून टाकतात. याला भात वेळणे म्हणतात. यात तळचे पाणी संपण्याची वेळच येत नाही. मात्र पेजेबरोबर पाण्यात विरघळणारी काही जीवनसत्त्वेही निघून जातात.

शाळांमधील खिचडी वेळता येत नाही. प्रधानमंत्री पोषणशक्ती निर्माण योजनेत (२०२१ पूर्वीची मध्यान्ह भोजन योजना) पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्याला १०० ग्रॅम व सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्याला १५० ग्रॅम धान्य ठरलेले आहे. साठ्याचा हिशेब या मापाने होतो, त्यामुळे करपून वाया गेलेल्या खिचडीऐवजी त्याच दिवशी दुसरी शिजवणे सोपे नसते.

करपल्यावर करावयाचे उपाय

• आच ताबडतोब बंद करावी व भात ढवळू नये. ढवळल्याने तळचा वास आणि काळे कण सर्व भातात मिसळतात.
• भांड्याचे बूड ओल्या फडक्यावर किंवा थंड पाण्याच्या परातीत ठेवावे. त्यामुळे तळाचे तापमान उतरते.
• वरचा भात न खरवडता दुसऱ्या भांड्यात काढावा. हाताला लागेल तेवढाच घ्यावा.
• त्यावर कांद्याच्या फोडी किंवा पावाचा तुकडा ठेवून काही मिनिटे झाकण्याची घरगुती रीत आहे. हलका वास त्याने कमी होतो. कडवट झालेली चव मात्र जात नाही.
• भात कच्चा राहिला असल्यास नव्या भांड्यात उकळते पाणी शिंपडून मंद आचेवर शिजवावा.
• करपलेल्या भांड्यात पाणी घालून ते उकळावे व थर मऊ झाल्यावर घासावे. स्टीलच्या भांड्यात खायचा सोडा वापरता येतो. ॲल्युमिनियमवर तो वापरू नये, कारण क्षाराने हा धातू काळवंडतो.

सुरक्षितता आणि आरोग्य

भात उतू गेल्याने शेगडीची ज्योत विझून गॅस चालू राहणे, हा करपण्यापेक्षा गंभीर धोका आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो. अशा वेळी रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये. गॅसगळतीसाठी १९०६ हा देशव्यापी आपत्कालीन क्रमांक आहे.

प्रेशर कुकर तांदळासाठी अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये. पेजेचा फेस वाफेच्या नळीत अडकल्यास शिट्टी होत नाही व दाब वाढत जातो. पाणी संपून कुकर फार तापल्यास सुरक्षा झडप वितळून वाफ बाहेर पडते. ती झडप ठरलेल्या प्रकारचीच बसवावी. घरगुती प्रेशर कुकरवर आयएसआय चिन्ह असणे केंद्र शासनाच्या २०२० च्या आदेशाने बंधनकारक झाले आहे.

पिष्टमय अन्न १२० अंशांपुढे कोरडे तापवल्यास ॲक्रिलामाइड हा पदार्थ तयार होऊ शकतो. तो अन्नात तयार होतो हे २००२ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले. पाण्यात शिजलेल्या भातात तो बनत नाही. क्वचित खाल्लेल्या तांबूस खरवडीने काळजी करण्याचे कारण नाही, पण काळा झालेला थर खाऊ नये.

अन्य संस्कृतींमध्ये

अनेक ठिकाणी तळचा कुरकुरीत थर मुद्दाम तयार करतात. इराणमध्ये त्याला तहदीग, कोरियात नुरुंगजी, जपानमध्ये ओकोगे, चीनमध्ये ग्वोबा आणि स्पेनमधील पाएयाच्या तळाला सोकारात म्हणतात. या सर्वांत थर सोनेरी झाल्यावर आच थांबवली जाते. मराठी घरांत खरवडीला असे मानाचे स्थान नसले, तरी खिचडीची तांबूस खरवड आवडीने मागून घेणारे असतात.

हे सुद्धा पहा

• तांदूळ
• खिचडी
• प्रेशर कुकर
• करपा
• जालना जिल्हा