माहूरची पायवाट आणि आपली पहिली सहल

स्मरणिका समितीच्या मंडळींनी मला सांगितलं, "काका, तुम्ही सोसायटीतले जुने. काहीतरी इतिहास लिहा." सोसायटीचा इतिहास म्हणजे नोंदणी, बोअर, पाण्याची टाकी, आतल्या रस्त्याचं काँक्रीट. तो सचिवांच्या अहवालात येणारच आहे, आणि आकड्यांसकट येईल. म्हणून मी दुसराच इतिहास लिहायचं ठरवलं. २००३ च्या नोव्हेंबरात आपण माहूरला गेलो होतो, त्या सहलीचा आणि त्या डोंगराचा. तेव्हाची लहान पोरं आज आई-बाप झाली आहेत. त्यांना बस आणि शेव-चिवडा आठवतो. बाकीचं मी सांगतो.

आपल्या लोह्याला तसा इतिहास कमी नाही. माळेगावच्या खंडोबाची यात्रा आपल्याच तालुक्यात भरते आणि कंधारचा किल्ला हाकेच्या अंतरावर आहे. पण कंधार भुईकोट. खंदक ओलांडला की माणूस आत. तिथं चढायचं काही नसतं. आपल्याकडचे डोंगरही बालाघाटाचे, बुटके, उघडे. दाट रान आणि खरा चढ पाहायचा तर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला माहूरलाच जावं लागतं. तिथं सागाचं जंगल आहे आणि पैनगंगा त्या मुलखाला वळसा घालून जाते. निजामाच्या काळात हीच नदी सरहद्द होती. पलीकडं वऱ्हाड, म्हणजे इंग्रजी अंमल, आणि अलीकडं हैदराबाद संस्थान. किनवट-माहूरचा हा भाग तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होता, तो १९५६ साली नांदेडला जोडला गेला.

त्या वेळी मी नोकरीत होतो. सहलीचा हिशोब अर्थातच माझ्याकडं आला. माणसं २६, त्यात पोरं ९. लोह्याहून पहाटे निघून नांदेड, भोकर, किनवट करत दुपारी माहूर गाठलं. बहुतेक लोक माहूर कसं करतात? जीपनं वर, दर्शन, जीपनं खाली, संध्याकाळी परत. आपण ठरवलं होतं, दोन दिवस राहायचं आणि जमेल तेवढं पायी पाहायचं. पायी म्हटलं की वाटाड्या हवा. धर्मशाळेच्या व्यवस्थापकानं एका गृहस्थांना आणलं. पन्नाशीचे असतील, आंध समाजाचे, अंगानं काटक, वन खात्याच्या रोजंदारीवर काम केलेले. पोरांनी त्यांना लगेच 'मामा' करून टाकलं. मामांनी दिवसाचे २०० रुपये सांगितले. मी घासाघीस करून १५० वर आणले. सोसायटीचे १०० रुपये वाचवले म्हणून मला बरं वाटलं. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढं याच १०० रुपयांनी मला छळलं.

मामांनी निघताना तीनच गोष्टी सांगितल्या. माझ्या पुढं कोणी जायचं नाही. सगळ्यात मागं एक दमदार माणूस राहील, त्याच्या मागं कोणी राहायचं नाही. आणि जिथं थांबू तिथं माणसं मोजायची.

त्या दुपारी गावाजवळची पांडवलेणी पाहिली. नाव पांडवांचं असलं तरी अभ्यासक ही लेणी राष्ट्रकूटांच्या काळातली मानतात. आपलं कंधारही राष्ट्रकूटांचंच मोठं ठाणं. म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वी लोहा-कंधार आणि माहूर एकाच राज्याखाली नांदत होते, हे पोरांना सांगितलं तर त्यांना फारच मजा वाटली. "मग तेव्हा बस होती का?" असं एकीनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेणुकामातेच्या डोंगराकडं पायी निघालो. महाराष्ट्रातल्या साडेतीन शक्तिपीठांतलं हे एक पूर्ण पीठ. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही तीन आणि वणी अर्धं. इथं देवीचं फक्त मुख आहे, शेंदरानं माखलेला तांदळा. पूर्ण मूर्ती का नाही, याची कथा मामांनी चढावर सांगितली. सहस्रार्जुनानं जमदग्नींना मारलं. परशुरामानं कावडीत एका बाजूला वडिलांचा देह आणि दुसऱ्या बाजूला आईला बसवून कोरी भूमी शोधत हिंडत हिंडत माहूर गाठलं. दत्तात्रेयांनी पौरोहित्य केलं, वडिलांना अग्नी दिला, रेणुका सती गेली. पोरगं आईसाठी रडायला लागलं. आकाशवाणी झाली की आई जमिनीतून वर येईल, पण मागं वळून पाहू नकोस. त्याला राहवलं नाही. त्यानं पाहिलं तेव्हा नुसतं मुखच वर आलं होतं. तेवढंच राहिलं.

कथा मला माहीत होती. पण पायऱ्यांवर दम खात, खाली सागाचं रान पाहत ऐकली तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की ही देवाची कमी आणि एका उतावळ्या मुलाची जास्त आहे. आमच्यातल्या दोन-तीन बायकांनी डोळे पुसले. दर्शन झालं. खलात कुटलेल्या विड्याचा प्रसाद मिळाला. ज्यांना दात नाहीत त्यांनाही खाता यावा असा तो विडा. आपल्या सोसायटीतल्या एका आजीनं तो पदराला बांधून लोह्यापर्यंत आणला होता.

जेवण करून शेजारच्या रामगडावर गेलो. रेणुकेचं दर्शन घेणाऱ्यांतले फार थोडे इकडं वळतात. हत्ती दरवाजातून आत शिरलं की पडकी तटबंदी, झुडपं, महाकालीचं देऊळ आणि मधोमध इंजाळा तलाव. इथं मी माझी वही काढली. वाचनालयातल्या पुस्तकांतून टिपून आणलं होतं, ते सगळ्यांना वाचून दाखवलं. थोडक्यात असं:

गोंडांच्या ताब्यातून हा मुलूख बहामनी सुलतानांकडं आला. पंधराव्या शतकाच्या शेवटी वजीर महमूद गावान यानं बहामनी राज्याच्या चार सुभ्यांचे आठ केले. त्यात वऱ्हाडाचे दोन भाग पडले, एक गाविलगड आणि दुसरा माहूर. म्हणजे हे डोंगरातलं गाव अर्ध्या वऱ्हाडाची राजधानी होतं. पुढं वऱ्हाडची इमादशाही आली. १५७४ साली ती अहमदनगरच्या निजामशाहीनं गिळली. १५९६ साली निजामशाहीनं वऱ्हाड मोगलांना दिलं. १६२३ साली बापाविरुद्ध बंड करून पळालेला शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा बादशहा शहाजहान, बऱ्हाणपुराहून माहूरला आला. जड सामान आणि हत्ती इथं मागं ठेवून तो तेलंगणातून ओरिसाकडं निघून गेला. ज्यानं पुढं ताजमहाल बांधला, तो कधीकाळी जीव मुठीत धरून आपल्या जिल्ह्यातून गेला, ही गोष्ट आपल्या शाळेत आम्हाला कोणी सांगितली नव्हती.

त्या वेळी हा गड उदाराम देशमुखांच्या हातात होता. त्याच घराण्यातली सावित्रीबाई. मोगलांकडून ती स्वतः लढाईला जात असे. औरंगजेबानं तिला 'रायबागन' किताब दिला, म्हणजे राजवाघीण. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडली, तेव्हा ती त्या फौजेत होती. आता लढण्यात अर्थ नाही, शरण जा, हा शहाणा सल्ला खानाला तिनंच दिला. ती आपल्या बाजूची नव्हती, म्हणून आपण तिचं नाव घेत नाही. पण बाई माहूरची होती, आणि तिला डोंगर कळत होता. खानाला तो कळला नाही.

माझं वाचून झालं. मामा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "साहेब, राजे तर लई सांगितले. पण एवढ्या उंचावर हे पाणी कुणी अडवलं, ते नाही लिव्हलं का त्यात?" मी वही चाळली. नव्हतं लिहिलेलं. मग मामांनी तलावाभोवती फिरवून पावसाचं पाणी कुठून येतं, गडावर गुरं कुठं पाणी पितात, दरवाजा तिथंच का, हे सगळं दाखवलं. त्या तासाभरात पोरं त्यांच्या मागं आणि मी वही घेऊन सगळ्यांच्या मागं, अशी वरात निघाली.

आता चूक सांगतो. पाच वाजून गेले होते. नोव्हेंबरात दिवस लवकर बुडतो. काही मंडळी दमली होती, मामा त्यांना घेऊन हळू उतरत होते. मला वाटलं, उशीर झाला तर हा माणूस जास्तीचे पैसे मागेल. म्हणून मी दहा-बारा जणांना घेऊन पुढं निघालो. खाली रस्ता दिसत होता, मधून एक पायवाट गेलेली दिसली, धरली. मामांनी वरून हाक मारली, मी हात हलवला आणि चालत राहिलो. पंधरा मिनिटांत वाट झुडपात संपली. मागं फिरून मूळ वाटेला लागलो तोवर अंधार पडला होता. खाली आल्यावर कोणीतरी विचारलं, "आमचा बारका कुठंय?" आमच्या गटातला नऊ वर्षांचा मुलगा नव्हता. आयुष्यभर नोटा मोजल्या, पण त्या संध्याकाळी मी माणसं मोजली नव्हती.

त्या मुलाच्या आईचा चेहरा मी विसरलेलो नाही. ती मला एक शब्दही बोलली नाही. मामा पोचले. रागावले नाहीत, काही विचारलं नाही. फक्त आम्ही कुठून वळलो तेवढं विचारलं. सगळ्यांना एका जागी बसवलं, गप्प राहायला सांगितलं आणि एकटेच वर गेले. त्यांच्या हाका लांब लांब जाताना ऐकू येत होत्या. पाऊण तासानं पोराला खांद्यावर घेऊन आले. तो वाट संपली तिथंच एका दगडावर बसून राहिला होता. मामांनी सकाळी पोरांना सांगितलं होतं म्हणे, चुकलं की हिंडायचं नाही, बसून राहायचं. पोरानं ऐकलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दत्तशिखर आणि अनसूयामातेचा डोंगर. सगळे शिस्तीत चालले, मी सगळ्यात मागं. दत्तप्रभू कुठंही भिक्षा मागोत, झोपायला माहूरला येतात, अशी आपल्याकडं श्रद्धा आहे. आंबेजोगाईच्या दासोपंतांनीही याच डोंगरात तप केलं असं सांगतात. महानुभाव पंथालाही माहूर तेवढंच प्रिय. दत्तात्रेयांनी वाघाच्या रूपात येऊन चक्रपाणींच्या मस्तकावर पंजा ठेवला, ही त्यांची परंपरा. गावात देवदेवेश्वराचं मंदिर आहे ते त्यांचंच. परतताना सोनापीर दर्ग्याकडंही मामांनी हात जोडले, आम्हीही जोडले. आई, दत्त, पीर, महानुभाव, सगळे एकाच रानात, एकाच पायवाटेवर. आणि मामांना सगळ्यांच्या कथा सारख्याच पाठ.

निघताना मी मामांच्या हातावर ३०० रुपये ठेवले. ठरले तेवढेच. त्यांनी न मोजता खिशात टाकले आणि पोरांना म्हणाले, "पुन्हा या." मी बसमध्ये चढलो. वहीत लिहिलं, 'वाटाड्या, दोन दिवस, रु. ३००.' त्या नोंदीकडं पाहून मला माझीच लाज वाटली. तरी मी खाली उतरलो नाही. सगळे बसले होते, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, अशी कारणं मी स्वतःला दिली.

२०१६ साली मुलाच्या गाडीतून सहकुटुंब माहूरला गेलो. पाकिटात एक लिफाफा ठेवला होता. धर्मशाळेत चौकशी केली. मामा दोन वर्षांपूर्वी गेले होते. मुलं कामासाठी बाहेर. गडावर गेलो, तलाव तसाच होता. पण त्याची गोष्ट सांगणारं कोणी भेटलं नाही. बहामनी, इमादशाही सगळं पुस्तकात मिळेल. मामांनी तासाभरात सांगितलं ते मी त्या दिवशी वहीत उतरवून घेतलं असतं, तर आज या स्मरणिकेत छापता आलं असतं. उतरवून घेतलं नाही.

आता रेणुकामातेच्या मंदिरासाठी लिफ्ट आणि स्कायवॉकची योजना आहे. माझे गुडघे पाहता मी तिच्या विरोधात बोलणार नाही. म्हाताऱ्यांना, अपंगांना आईचं दर्शन सोपं व्हायलाच पाहिजे. पण ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी तरी ती वाट चालावी.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात माझी एक सूचना आहे. आपल्या सोसायटीतल्या मुलांना माहूरला न्यावं. दोन दिवस, पायी, तिथलाच वाटाड्या घेऊन. त्यांनी ऐकलेलं सगळं वहीत लिहून आणावं आणि ती वही सोसायटीच्या ऑफिसात ठेवावी. या सहलीसाठी माझ्याकडून ५,००० रुपये मी खजिनदारांकडं जमा केले आहेत, पावती घेतली आहे. अट एकच. वाटाड्या जेवढे सांगेल तेवढे द्यायचे. घासाघीस करायची नाही. आणि जिथं थांबाल तिथं माणसं मोजायची.