प्रौढांची पायगाडी

पायगाडी हें पोराटोरांचें वाहन असून ती चालविण्याची विद्या बारा-तेरा वर्षांच्या वयांत गुडघे फोडून घेऊनच संपादावयाची असते, ही समजूत आपल्याकडे इतकी दृढ झाली आहे कीं, पन्नाशीच्या एखाद्या गृहस्थानें पहांटेच्या वेळीं हॅण्डल धरून शिकण्यास आरंभ केला, तर पाहणारांस हंसूं आंवरत नाहीं. बालपणीं शिकलेली, पण मध्यंतरीं तीस-पस्तीस वर्षें सुटलेली सायकल पुन्हां हातीं घेणाऱ्याचीहि गत याहून फारशी निराळी नसते. आणि शिकणारी व्यक्ति स्त्री असली तर मग बोलावयासच नको. या हंसण्यापायीं कित्येकांनीं तो नाद पहिल्या आठवड्यांतच सोडून दिलेला आहे. इतिहास मात्र या समजुतीच्या उलट साक्ष देतो. पायगाडी जन्मास आल्यापासून पहिलीं सत्तर-पंचाहत्तर वर्षें तिच्यावर बसणारा बहुतेक प्रत्येक मनुष्य प्रौढ नवशिकाच होता, व तसें असणें अपरिहार्यहि होतें. कारण त्याच्या बाळपणीं ती वस्तु मुळीं अस्तित्वांतच नव्हती.

या यंत्राचा आदिपुरुष म्हणून जर्मनींतील बॅरन कार्ल फॉन ड्राइस याचें नांव घेतात. १८१७ च्या जून महिन्यांत मानहाइम शहरीं त्यानें जी लांकडी गाडी रस्त्यावर आणली तिला चाकें दोनच होतीं, परंतु पायडल नव्हतें; वर बसून जमिनीला पाय मारीत धांवावयाचें, आणि वेग आला म्हणजे पाय उचलून तोल सांवरीत जावयाचें, एवढीच तिची करामत. ड्राइसचें वय त्या वेळीं बत्तीस वर्षांचें होतें. पुढें १८६० नंतर पॅरिसमध्यें पुढच्या चाकास पायडल बसलें, आणि लोकांस ही नवी गाडी शिकविण्यासाठीं तालमी निघाल्या. त्यानंतर पुढचें चाक वाढत वाढत माणसाच्या छातीला लागलें. त्यावरून पडणें म्हणजे डोक्यावरच पडणें. १८८५ सालीं कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यानें दोन्ही चाकें जवळजवळ सारख्या उंचीचीं करून सांखळीनें मागचें चाक फिरविणारी ‘रोव्हर’ गाडी काढली, व १८८८ सालीं बेलफास्ट येथें डनलॉप यानें हवा भरलेली रबरी धांव सिद्ध केली. आजची सायकल ती हीच. (आमच्या मेहकरास शार्ङ्गधर बालाजीची भव्य मूर्ति भूमींतून निघाली तें सालहि १८८८ च, इकडील लोकांच्या तें साल त्या कारणानें स्मरणांत आहे, व तें योग्यच आहे.)

त्याच १८८८ सालीं बेळगांवांत किर्लोस्कर बंधूंनीं सायकलींचें दुकान मांडलें. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा. ते चित्रकला शिकावयास म्हणून मुंबईस गेले. परंतु रंग ओळखण्यांत दृष्टिदोष आहे असें आढळल्यामुळें तो मार्ग खुंटला, आणि यांत्रिक रेखाटनाकडे वळून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले. मुंबईंत सायकली विकत घेऊन बेळगांवास पाठवावयाच्या आणि तेथें वडील बंधु रामूअण्णा यांनीं त्या विकावयाच्या, असा हा व्यवहार होता. आपल्या विषयाच्या दृष्टीनें त्यांतील महत्त्वाचा भाग निराळाच आहे. रामूअण्णा सायकल विकीत तशी ती चालवावयासहि शिकवीत, आणि या शिकवणीचे पंधरा रुपये घेत, असें सांगतात. त्या काळीं पंधरा रुपये म्हणजे सामान्य कारकुनाची महिन्याची मिळकत. ती रक्कम मोजणारा शिष्य शाळकरी मुलगा खास नव्हे. तो वकील, अंमलदार, सावकार, नाहीं तर एखादा हौशी इनामदार असला पाहिजे. डोक्यावर पगडी, अंगांत लांब अंगरखा, पायांत धोतराचा घोळ, आणि मागें खोगीर धरून धांवणारा शिक्षक, असा तो देखावा कल्पनेंत आणून पाहावा. आज ज्या गोष्टीस हंसूं येतें, तिच्यासाठीं तेव्हां प्रतिष्ठित लोक पैसे मोजीत होते.

१८९२ च्या ऑक्टोबरांत स्वामी विवेकानंद बेळगांवास येऊन कांहीं दिवस राहिले होते. त्यांच्या नांवानें शुकदास महाराजांनीं पुढें मेहकर तालुक्यांत जो आश्रम उभा केला, त्यावरूनच हिवरा या खेड्यास ‘हिवरा आश्रम’ हें आजचें नांव पडलें आहे. बेळगांवच्या रस्त्यावर स्वामींच्या दृष्टीस ती नवी गाडी पडली किंवा कसें, याविषयीं तर्क चालविण्यांत अर्थ नाहीं. परंतु देशाटन करणारा संन्यासी आणि दुकानांतील ती दुचाकी हीं दोन्ही एकाच लहानशा शहरांत एकाच काळीं होतीं, ही गोष्ट मनांत घोळत राहते खरी. लक्ष्मणरावांचें पुढील चरित्र महाराष्ट्रास ठाऊकच आहे. बढतीच्या वेळीं आपणांस डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास पुढें करण्यांत आलें, तेव्हां नोकरी सोडून ते बेळगांवास आले. सायकलीमागून कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर आला. १९१० सालीं औंधच्या अधिपतींनीं दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. आणि त्याच कारखान्यांतून ‘किर्लोस्कर’ व ‘स्त्री’ हीं मासिकें निघालीं. मराठी मासिकवाङ्मयाच्या एका मोठ्या शाखेचें मूळ सायकलच्या दुकानांत आहे, हें आम्हां लेखक मंडळींस विसरून चालणार नाहीं.

पाश्चात्य देशांतहि शिकणारे प्रौढच होते, आणि त्यांपैकीं तिघांची हकीकत विशेष बोधक आहे. अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेन यानें ऐन चाळिशीच्या उत्तरार्धांत उंच चाकाच्या गाडीशीं झुंज घेतली आणि तीवर एक निबंध लिहिला. तो छापला गेला मात्र त्याच्या मरणोत्तर, १९१७ सालीं. मद्यपाननिषेधाच्या चळवळीची पुढारी फ्रान्सेस विलर्ड हिनें वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, मातृवियोगानें व श्रमानें खचलेली असतां, सायकल शिकण्याचें मनावर घेतलें. दररोज सरासरी पंधरा मिनिटें याप्रमाणें तिला सुमारें तीन महिने लागले, आणि त्याचा सर्व वृत्तान्त तिनें १८९५ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं मॉस्को येथें काउंट टॉलस्टॉय वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं सायकल शिकत होता. त्याचा धाकटा मुलगा वान्या वयाच्या सातव्या वर्षीं नुकताच वारला होता. अंगमेहनत, साधी राहणी व वैराग्य यांचा उपदेश करणाऱ्या गुरूनें असल्या खेळांत रमावें, हें त्याच्या एका शिष्यास रुचलें नाहीं व त्यानें गुरूस परावृत्त करूं पाहिलें. टॉलस्टॉयनें मात्र आपणांस याची लाज वाटत नाहीं, उलट यांत मुलासारखा निष्पाप आनंद आहे, अशा आशयाची नोंद आपल्या रोजनिशींत केली. त्या दुःखाच्या महिन्यांतील ही नोंद मला त्याच्या कित्येक प्रवचनांहून अधिक मोलाची वाटते.

आतां प्रौढास ही विद्या जड कां जाते, याचा विचार केला पाहिजे. ज्या बाजूस गाडी कलते त्याच बाजूस हॅण्डल किंचित् वळविलें म्हणजे चाकें पुन्हां भाराखालीं येतात व तोल सांवरतो. पडूं लागलों त्याच दिशेस वळावें, ही गोष्ट बुद्धीस इतकी विपरीत वाटते कीं, विचार करणारा मनुष्य नेमका उलट वळतो आणि आपटतो. गंमत अशी कीं, या तोलाचें गणित विद्वानांसहि सहजासहजीं सुटलेलें नाहीं. केंब्रिजच्या व्हिपल यानें १८९९ सालीं त्याचीं समीकरणें मांडलीं. तरीहि चाकांचें भोंवऱ्यासारखें फिरणें हेंच स्थैर्याचें मुख्य कारण, असें पुष्कळ काळ सांगण्यांत येत असे. अखेर २०११ सालीं डच व अमेरिकन संशोधकांनीं ज्यांत तो परिणाम नाहींसा केलेला आहे अशी गाडी मुद्दाम बनवून ती आपली आपण सरळ चालते हें दाखविलें. ज्ञान नसतांना पोरें चालवितात आणि ज्ञान असलेले पडतात, असा हा प्रकार आहे. एकदां अंगवळणीं पडलेलें हें कौशल्य मात्र सहसा जात नाहीं. तीस वर्षांनीं परतणाऱ्याचा तोल दहा मिनिटांत जागा होतो. परत येत नाहीं ती पूर्वीची निर्भयता. मान मागें वळत नाहीं, हाडें ठिसूळ झालेलीं असतात, आणि डावा पाय पायडलवर ठेवून उजवी टांग मागून फिरविण्याची जुनी रीत कमरेस झेपत नाहीं.

यावर जो उत्तम उपाय आहे तो मोठा मौजेचा आहे, कारण तो शिकणाऱ्यास थेट १८१७ सालीं नेऊन सोडतो. बैठक इतकी खालीं घ्यावी कीं दोन्ही तळपाय जमिनीस सपाट टेकावे, दोन्ही पायडलें काढून ठेवावीं (डाव्याचे आटे उलटे असतात, म्हणून तें उलट्या दिशेनें फिरवावें लागतें, गांवांतील कोणताहि सायकलवाला हें काम पांच मिनिटांत करतो), आणि मंद उताराच्या जागीं ड्राइससाहेबांप्रमाणें पाय मारीत जावें. ब्रेक आधीं शिकावा. नजर चाकावर न ठेवतां वीस-पंचवीस हात पुढें ठेवावी. दोन्ही पाय उचलून गाडी सरळ घरंगळूं लागली म्हणजे पायडलें परत बसवावीं. मागून धरून धांवणाऱ्याची मग गरजच राहत नाहीं.

तर मग ही विद्या मुलांची केव्हां झाली? गाडी स्वस्त झाली तेव्हां. १९३९ सालीं मुंबईस ‘हिंद सायकल’ निघाली, १९४९ सालीं मद्रासेस दुसरा कारखाना उभा राहिला, आणि पुढें सोनपत, लुधियाना येथील माल खेडोपाडीं पोंचला. तासावर भाड्यानें सायकल देणारीं दुकानें निघालीं, आणि मोठ्या माणसाच्या मापाच्या त्या गाडीच्या नळीखालून पाय घालून तिरप्या अंगानें पायडल मारणारीं पोरें गल्लोगल्लीं दिसूं लागलीं. एका पिढींत पंधरा रुपयांची शिकवणी जाऊन कांहीं आण्यांचें भाडें आलें. विद्या फुकट झाली. परंतु ज्यांच्या हातीं ते आणे कधीं पडलेच नाहींत त्या मुली, शेतमजूर व धनगर मागें राहिले तें राहिलेच.

त्यांतील स्त्रियांच्या बाबतींत डोळ्यांत भरण्यासारखा प्रयोग झाला तो तामिळनाडूंतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यांत. १९९१ सालीं तेथील साक्षरतेच्या मोहिमेंत कलेक्टर शीला राणी चुंकत यांनीं अक्षरओळखीबरोबर सायकलहि घातली. शिकणाऱ्या बायका मजूर, खाणींत खडी फोडणाऱ्या, अंगणवाडींतील सेविका अशा होत्या. १९९२ च्या महिलादिनीं दीड हजारांवर सायकलस्वार स्त्रियांनीं शहरांतून फेरी काढली. पत्रकार पी. साईनाथ यांनीं नोंदविलेला एक बारीकसा तपशील मला फार आवडतो: बायकांच्या म्हणून ज्या सायकली असतात त्यांपेक्षां पुरुषांच्या सायकली पुष्कळजणींना सोयीच्या वाटल्या, कारण त्यांच्या आडव्या नळीवर मूल बसवितां येतें. आठ-दहा मैलांवरचें पाणी, बाजार व दवाखाना हीं नवऱ्याच्या किंवा मोटारीच्या सोयीवर अवलंबून राहिलीं नाहींत.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत आतां आठवीपासून पुढच्या गरजू मुलींना सरकारी योजनेंतून सायकली मिळतात, व हिवरा आश्रमाच्या वाटेवर सकाळीं त्यांच्या रांगा दिसतात. सायकल मुलीच्या नांवाची असते. आईस ती येत नसते. सुटींत ती गाडी दिवसच्या दिवस अंगणांत भिंतीला टेकून उभी असते, कधीं तिच्यावर कापडें वाळत असतात. आई त्या वेळीं डोक्यावर भाजीचें टोपलें घेऊन मेहकरच्या बाजारास जाणाऱ्या मोटारीची वाट पाहत फांट्यावर उभी असते, आणि तिचें वय बहुधा चाळिशीच्या आंतच असतें, म्हणजे विलर्डबाईंपेक्षां किमान तेरा वर्षांनीं कमी.