पायवाट आणि भाकर : वऱ्हाडातील शाळकरी मुलांच्या दोन सवयींचा इतिहास

वलगाव हे पेढी नदीच्या काठचे गाव. अमरावतीपासून अंतर दहा-बारा किलोमीटर. अमरावतीहून परतवाडा-अचलपूरकडे जाणारा रस्ता येथूनच जातो. अचलपूर म्हणजे जुने एलिचपूर. इ. स. १४९० ते १५७४ या काळात ते वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी होते. तेव्हा या दिशेने माणसांची आणि जनावरांची ये-जा काही आजकालची नाही. मात्र या लेखात सुलतानांचा इतिहास सांगण्याचा हेतू नाही. आमच्या मुलांनी शाळेत जावे कसे आणि दुपारी खावे काय, या दोन साध्या प्रश्नांचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे. हे प्रश्न घरगुती वाटतात खरे, परंतु त्यांनाही इतिहास आहे, आणि तो ज्वारीच्या एका ताटाभोवती फिरतो.

वऱ्हाडची काळी जमीन कपाशीसाठी प्रसिद्ध. रेल्वे येण्यापूर्वी येथील कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेला जात असे. हा प्रवास सुमारे आठशे किलोमीटरांचा होता. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले, १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे येथील कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६७ साली आगगाडी नागपूरला पोहोचली. हा इतिहास शालेय पुस्तकांत येतो. त्यात न येणारी गोष्ट अशी की, कपाशीच्या शेजारच्या वावरात ज्वारी उभी असे. कपाशी बाजारासाठी आणि ज्वारी घरासाठी. तिचे दाणे माणसाच्या पोटात जात आणि कडबा बैलाच्या. म्हणजे चालणाऱ्या माणसाचे अन्न आणि बंडी ओढणाऱ्या बैलाचे इंधन एकाच ताटातून निघत होते. आज ज्याला पर्यावरणाला न दुखावणारा प्रवास म्हणतात, तो आमच्या आजोबांना शिकवावा लागला नाही. त्यांच्यापाशी दुसरे साधनच नव्हते.

म्हणून त्या काळाचे नुसते गोडवे गाणे बरोबर नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात ज्वारी गेली, तेव्हा दाणा आणि कडबा दोन्ही एकदमच गेले. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. ज्या पिढीने हे पाहिले, तिने भाकरीचा तुकडा कधी टाकला नाही, यात नवल ते काय?

याच पिढीतला एक माणूस पुढे वलगावच्या इतिहासाशी कायमचा जोडला गेला. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच संत गाडगेबाबा. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्म, मूर्तिजापूरजवळील दापुऱ्यास मामाच्या शेतावर वाढ. १९०५ साली त्यांनी घर सोडले आणि पुढे महाराष्ट्र पायाखाली घातला. हातात खराटा आणि मातीचे गाडगे, त्याच गाडग्यात मिळेल ती भाकर घेऊन खायची. गावात आल्यावर आधी रस्ता झाडायचा, मग अन्न मागायचे. बाबांना स्वतःला अक्षरओळख नव्हती. तरीही सणवार आणि लग्नकार्यातील जेवणावळींसाठी कर्ज काढू नका, ताटावाचून हातावर भाकर घेऊन खावी लागली तरी चालेल पण मुलांना शाळेत घाला, हे त्यांच्या कीर्तनाचे सार होते. आमच्या समाजातील पालकांनी हे वाक्य परके मानण्याचे कारण नाही; लग्नातील खर्चाच्या बाबतीत आपण कोणापेक्षा मागे आहोत असे दिसत नाही! २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी बाबांचे देहावसान झाले.

बाबांच्या काळात खेड्यातील मूल शाळेत पायीच जाई. फडक्यात भाकर, तिच्यावर ठेचा किंवा अंबाडीची भाजी, कधी नुसता कांदा. हिंदूच्या घरची शिदोरी आणि मुसलमानाच्या घरची शिदोरी यांत फारसा फरक नसे, कारण वावर तेच आणि जातेही तेच. पण ही वाट चालत होते कोण? बहुतेक मुलगेच. गावात चौथीपर्यंतची शाळा असली की मुलीचे शिक्षण तेथेच संपे. पुढची शाळा दोन-तीन कोसांवर, मध्ये नाला, पावसाळ्यात चिखल आणि हिवाळ्यात लवकर होणारा अंधार. 'पायी जा' हा उपदेश मुलग्याला करणे सोपे होते. मुलीच्या बाबतीत तोच उपदेश शाळा सोडण्याचे कारण ठरला.

ही कोंडी फोडली ती एस. टी. ने. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली आणि पुढे 'लाल गाडी' खेडोपाडी गेली. विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास आणि ग्रामीण मुलींसाठी बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतील मोफत पास यांमुळे किती मुली मॅट्रिकपर्यंत पोहोचल्या, याचा विचार पालकांनी आपल्याच नात्यागोत्यात करून पाहावा. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीही मिळाल्या. चाळीस मुले एका गाडीत बसतात तेव्हा धूरही चाळीस जणांत वाटला जातो. आज मात्र शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर पाहावे. एकेका मुलासाठी एकेक मोटारसायकल उभी, दहा-बारा मुले कोंबलेला ऑटो आणि त्या गर्दीतून वाट काढणारे, पायी आलेले एखादे पोर. शेजारच्या गल्लीतल्या मुलालाही हल्ली गाडीवर सोडावे लागते. का, तर रस्त्यावर गाड्या फार!

हे कोडे आपल्याच वाट्याला आले असे नाही. हॉलंड देशात १९७१ साली रस्त्यावरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेथील आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांनी मुलांना घरात बसविले नाही, तर सरकारला सायकलींसाठी वेगळी वाट करावयास लावले. आज तेथील मुले सायकलने शाळेत जातात, ती त्या आंदोलनाची कमाई होय.

आता भाकरीकडे वळू. १९६४ साली सी. एस. एच. १ हे संकरित ज्वारीचे वाण आले आणि उत्पादन वाढले. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी रेशनवर आली व कामावरील मजुरांना सुकडी मिळाली. त्या चवींच्या आठवणी वयस्क मंडळींना आजही असतील. पुढे रेशनच्या गहू-तांदळाची सवय लागली. १९९० नंतर विदर्भात सोयाबीन पसरले, बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला आणि कडब्याची गरज घटली. ज्वारी वावरातून गेली ती अशी, दाण्यामुळेही आणि कडब्यामुळेही. बैल गेला, त्याच्या पाठोपाठ भाकर गेली.

शाळेतील अन्नाचा इतिहास याहून अलीकडचा. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राची पोषण आहार योजना सुरू झाली, तेव्हा हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळे. शिजवलेलेच अन्न द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला आणि शाळेत खिचडी शिजू लागली. तिला नावे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत बसून जेवतात, ही गोष्ट लहान नाही. परंतु खिचडी खाऊन झाल्यावर मुलाच्या हातात पाच रुपयांचे पुडके असते, त्याचे काय? शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत फार तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा नियम २०२० साली झाला. तो पाळला जातो की नाही, हे फाटकासमोरच्या टपरीवर दिसतेच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम ज्वारीत तंतुमय भाग सुमारे १० ग्रॅम आणि लोह सुमारे ४ मिलिग्रॅम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात तंतू तीन ग्रॅमपेक्षा कमी, आणि लोह तर एक मिलिग्रॅमही नाही. वयात येणाऱ्या मुलींच्या अंगात रक्त कमी, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. एकटी भाकर ती दूर करणार नाही, हे खरे. डाळ, पालेभाजी, अंडे, लिंबूही हवे. पण सुरुवात तेथून होऊ शकते.

२० डिसेंबर हा बाबांचा स्मृतिदिन. त्या दिवशी वलगाव परिसरातील शाळांनी मुलामुलींची पेढीकाठापर्यंत पायी सहल काढावी, आणि शिदोरीत प्रत्येकाने भाकरच आणावी, अशी आमची सूचना आहे. रस्ता वाहता आहे, म्हणून मुले रांगेत चालवावीत. पुलाच्या दोन्ही टोकांना शिक्षक उभे राहावेत, आणि मुलींच्या रांगेबरोबर दोन-चार मातांनी यावे. ज्वारी कोणाच्या वावरातून आणावयाची, हे मात्र पेरणीपूर्वीच ठरवावे लागेल. गावात एकट्यानेच ज्वारी पेरली तर सगळी पाखरे त्याच्याच कणसांवर उतरतात. चार-पाच शेतकऱ्यांनी लागून पेरली तर प्रत्येकाच्या पदरात काही उरते.